पत्रास कारण की...

"मॅडम, मराठी मीडियमचा आहो जी. ग्रामर पुरं पाठ केलं, तरी इंग्लिशमध्ये मेल लिहिता येत नाही. नोकरी कशी लागंल?"

काटोलकडचा, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, पण नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच.

मी म्हटलं, अडलेला मेल दाखव. मिहान या इथल्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीला पाठवायचा होता. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट दॅट'. मग कॉलेज, गाव, वडिलांची संत्र्याची बाग, आणि नऊ ओळींनंतर 'काइंडली डू द नीडफुल'.

"त्यांनी करायचं काय?"

"इंटर्नशिप पुढं ढकलायची. पेपर आहेत ना."

"कुठे लिहिलंय?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. आदल्या रात्री एआयकडून लिहून घेतलेला मेलही होता. इंग्रजी झकास, तारीख तिथेही नाही. यानं सांगितलीच नव्हती, ते बिचारं कुठून आणणार?

'आय बेग' ही साहेबाच्या काळातल्या कारकुनी अर्जाची भाषा. शाळेतल्या रजेच्या अर्जातून आपण ती अजून गिरवतो. आपल्या जुन्या मराठी पत्रांत मात्र नमस्कार झाला की लगेच 'पत्रास कारण की'! मी त्याला तेच धरायला लावलं. आधी मराठीत लिही: काय हवं, कधी, काहून. मग तेच इंग्रजीत, पहिल्या ओळीत.

पाऊण तासात तीन वाक्यं झाली. 2 जूनऐवजी 16 जूनला रुजू होता येईल का? परीक्षा 12 जूनपर्यंत आहे. वेळापत्रक जोडलं आहे. विषयाच्या ओळीतही दोन्ही तारखा. कंपनीनं होकार दिला.

पुढे दीड महिना तो आठवड्याला तीन मेल लिहून आणायचा. मी एका वेळी एकच खोट दाखवायची आणि तोच मेल पुन्हा लिहायला लावायची. लाल शाईनं भरलेला कागद पाहून कुणी हौसेनं पुन्हा लिहीत नाही, निदान मी तरी पाहिलेलं नाही. मोठ्यानं वाचताना धाप लागली की वाक्य तिथे तोडायचं. 'ए', 'ॲन', 'द' मराठीत नाहीतच, ते चुकणारच. ते सगळ्यात शेवटी घेतले.

परवा त्याचा मला मेल आला. विषय: शनिवारची वेळ पाचऐवजी सहा करता येईल का? मजकूर दोन ओळींचा. एक 'द' गाळलेला.

मी सहाची वेळ दिली.