सिस्टरबाईंना विचारा : दुखणं की नाटक?

प्रश्न : नागपुरात एका वॉर्डात मी नर्सिंग सहायक म्हणून नवीन लागले आहे. सिकलसेलचा एक पोरगा रात्री कळवळतो, तासाभराने मोबाइल बघत बसतो. बाकीच्या म्हणतात, नाटकं करतो. मी काय समजू?

उत्तर : नाटक नव्हे गं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. मोबाइल त्याचा विरंगुळा. नवी असताना मीही एकीला असंच हिणवलं होतं, अजून सलतं.

दुखतंय म्हणाला की सिस्टरला लगेच सांग. बर्फ मात्र लावू नकोस, गारव्याने वाहिन्या आकसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, मग जो तो कुलरसमोर! याची खाट झोतातून बाजूला घे. अंगातलं पाणी कमी झालं तरी दुखणं उसळतं. डॉक्टरांची मनाई नसेल तर घोट-घोट पाजत राहा, किती प्यायला ते लिहून ठेव. ताप, छातीत कळ, धाप, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर ड्युटी बदलायची वाट बघू नकोस.

आणि हो, हा आजार आईबापाकडून येतो, शिवल्याने नाही. त्याचा पेला कुणी वेगळा ठेवत असेल तर तिलाही सांग.