वाचक विचारतात : ‘बेंगाल’ने जपानी जहाज बुडवलं का?

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘एच.एम.आय.एस. बेंगाल’वर होते. त्यांनी जपानी जहाज बुडवलं, असं घरी ऐकत आलो. नौदलाच्या यादीत मात्र ‘बेंगाल’ची नोंद माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग काढणारी बोट) अशी आहे. मग ती लढली कशी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नोंद माइनस्वीपरची, पण काम बऱ्याचदा एस्कॉर्टचं, म्हणजे इतर जहाजांना संरक्षण देत सोबत जाण्याचं. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट वर्गाच्या 60 बोटी बांधल्या गेल्या. त्यातल्या चार रॉयल इंडियन नेव्हीच्या, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या भारतीय नौदलाच्या, वाट्याला आल्या; ‘बेंगाल’ त्यांतली एक. लांबी 186 फूट, वेग फार तर 15 नॉट (तासाला सुमारे 28 किलोमीटर).

11 नोव्हेंबर 1942 रोजी ‘बेंगाल’ डच तेलवाहू टँकर ‘ओंदिना’ला सोबत करत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही दोन जपानी जहाजं आडवी आली. या मूळच्या प्रवासी-मालवाहू बोटी. तोफा आणि टॉर्पेडो बसवून युद्धाला जुंपलेल्या, प्रत्येकी दहा हजार टनांच्या. त्यांच्या 140 मिमी तोफेचा गोळा 38 किलोचा. ‘बेंगाल’च्या एकुलत्या एक मोठ्या तोफेचा, 12 पाउंडरचा, पावणेसहा किलोचाही नाही. तरी लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी टँकरला निसटायला सांगितलं आणि स्वतः सरळ शत्रूवर चाल केली.

‘होकोकू मारू’च्या मागच्या भागात गोळा लागला, तिथले टॉर्पेडो फुटले आणि ती बुडाली. प्रश्न आहे तो गोळा कोणाचा. ‘ओंदिना’कडे 102 मिमीची तोफ आणि 32 गोळे होते. दोघीही मारा करत होत्या आणि श्रेयाचा वाद अजून आहे. आमच्या मते टँकरची मोठी तोफ जास्त संभवते. पण तोवर शत्रूचा मारा स्वतःकडे ओढला तो ‘बेंगाल’ने. दारूगोळा संपत आल्यावर धुराचा पडदा करून ती निघाली आणि दिएगो गार्सियाला पोचली. ‘ओंदिना’ दोन टॉर्पेडो खाऊनही फ्रीमँटलला परतली. तिचे कप्तान मात्र मारले गेले.

कागद शोधताना जहाजाचं नाव आणि पेनंट क्रमांक (बोटीवर रंगवलेला ओळख क्रमांक) जे 243 दोन्ही जुळवा. ब्रिटिश कागद लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘एडीएम 199’ या मालिकेत पाहा. वेळा लावताना घोळ होतो : जपानी जहाजांची घड्याळं टोकियोच्या वेळेवर चालत. आधी सगळं ग्रीनिच वेळेत आणा, मगच क्रम लावा.

प्रश्न : ‘आय.एन.एस. बेंगाल’ ही वेगळी बोट का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही, तीच. 26 जानेवारी 1950 पासून नावाआधीची ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ही अक्षरं बदलून ‘आय.एन.एस.’ झाली. त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.