टक्कर न होता अवकाशातले कण तापतात कसे?

तुमचा प्रश्न असा, की मॅग्नेटिक रीकनेक्शनमुळे, म्हणजे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळल्यामुळे, पृथ्वीजवळचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) तापतो म्हणतात, पण तिथे कण एकमेकांवर आपटतच नाहीत, मग उष्णता येते कुठून? मी ठाण्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. याच प्रश्नाने मलाही बरीच वर्षं छळलंय.

आधी 'तापमान' म्हणजे काय ते बघू. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. एक लोंढा पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. माणसं फटी शोधत सरळ निघून जातात, धक्का लागत नाही. एकूण गर्दी कुठेच सरकत नाही, तरी आत केवढी हालचाल! प्लाझ्माचं तापमान म्हणजे हीच वेगांची पांगापांग. तिला टक्कर लागत नाही.

आता सूर्याच्या बाजूला, पृथ्वीपासून साधारण 60-65 हजार किलोमीटरवर या. इथे सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा प्लाझ्माचा झोत, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटत असतो. त्याचं स्वतःचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की विरुद्ध दिशांच्या रेषा समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींशी जुळतात. जुळलेली रेषा बेचकीच्या ताणलेल्या रबरासारखी वाकलेली असते. ती सरळ व्हायला झेपावते आणि प्रोटॉनना सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने भिरकावते. भिरकावलेले प्रोटॉन नुकत्याच आत येणाऱ्या थंड प्रोटॉनमधून आरपार जातात. पुलावरचे दोन लोंढे ते हेच.

म्हणून "रेषा तुटली आणि उष्णता निघाली" हे वाक्य मला पटत नाही. तुटण्याची जागा जेमतेम काही किलोमीटर रुंद असते. बहुतेक तापणं बाहेर पडणाऱ्या झोतात होतं.

इलेक्ट्रॉनचं वेगळं. ते इतके चपळ, की रबराचा एक फटका त्यांना फारसा जाणवत नाही. रेषेलगतच्या विद्युतक्षेत्रात ते अडकतात, येरझाऱ्या घालतात आणि आखडत जाणाऱ्या रेषेवर फेरीगणिक थोडा वेग कमावतात. तरी ऊर्जेचा मोठा वाटा प्रोटॉनच नेतात.

अवकाशातल्या प्लाझ्मावर आपल्याकडेही, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत, संशोधन चालतं. प्रत्यक्ष रीकनेक्शनच्या जागेची मापं मात्र नासाच्या एमएमएस मोहिमेच्या चार यानांनी आणली. ती 2015च्या मार्चमध्ये उडाली आणि 16 ऑक्टोबरला नेमकी त्या तुटण्याच्या जागेतूनच गेली. दर 30 मिलिसेकंदांनी इलेक्ट्रॉनांचे वेग टिपत होती. वेगांचा आलेख नेहमीसारखा गोल नव्हता, चक्क चंद्रकोर उमटली होती. ती आकृती मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढते.