मंगळ, टॉलेमी आणि ताईआत्या

प्रिय मनू,

रविवारी माईशी फोनवर बोलणं झाल्यावर तू मला विचारलंस, आणि मी भांड्यांचं निमित्त करून आत गेले. दादाला सांगून आलेल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून माई नको म्हणतेय, एवढंच तुझ्या कानावर पडलं होतं. नेमका त्याच आठवड्यात तू शाळेतला ग्रीकांच्या आकाशाचा, पृथ्वी मधोमध मानणाऱ्या टॉलेमीचा, प्रकल्प पुरा केला होतास. "टॉलेमीला माहीत नव्हतं, त्याचं एक ठीक आहे. आपल्याला सगळं माहीत आहे, तरी आपण असं का करतो?" बाबा हसले. मला हसू आलं नाही.

समोर बसून मला हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. पटलं नाही तर सोडून दे.

१९८८ चे श्रावण-भाद्रपद. मी तुझ्याहून थोडी लहान. मिरजेची गच्ची तू पाहिली आहेस, पण तेव्हा समोर ती इमारत नव्हती, पूर्वेचं आकाश पार खालपर्यंत दिसायचं. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता आणि नुसता लालभडक दिसत होता. जेवणं झाली की अण्णा मला आणि नंदूमामाला वर न्यायचे. आलेखाच्या वहीत आसपासच्या ताऱ्यांच्या खुणा त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या, मंगळाचं टिंब तेवढं आम्ही द्यायचं. ढग असले की त्या रात्रीची जागा रिकामी. टिंबं पूर्वेकडे सरकता सरकता थबकली आणि मग चक्क उलटी निघाली. दिवाळीच्या आधी पुन्हा सुलटी. नंदूमामा म्हणाला, "तुमच्या खुणा चुकल्यात." अण्णांना त्या वाक्याचा इतका आनंद झाला की त्यांनी त्याला खडीसाखर दिली. मला नाही दिली, हे अजून लक्षात आहे.

तुझ्या ग्रीकांसमोर हेच कोडं होतं. मंगळ साधारण २६ महिन्यांनी एकदा असा दोनअडीच महिने मागे जातो, आणि नेमका तेव्हाच सर्वांत तेजस्वी असतो. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात युडॉक्सस नावाच्या गणित्याने एकात एक बसवलेले, वेगवेगळ्या बाजूंना फिरणारे २७ गोल मांडले. मधोमध पृथ्वी. ग्रहांचं मागे जाणं त्याला साधारण जमलं, तेज काही जमलं नाही. सगळे गोल पृथ्वीभोवतीच असतील तर ग्रह कायम तेवढ्याच अंतरावर राहणार, मग तो कमीजास्त उजळेल कसा?

पुढे अपोलोनियस आणि हिपार्कस या ग्रीक गणित्यांच्या हातून वर्तुळावर वर्तुळ बसवायची युक्ती पक्की झाली. आई देवळाला प्रदक्षिणा घालतेय आणि पोरगं आईभोवती पळतंय असं समज. देवळातून बघणाऱ्याला पोरगं बहुतेक वेळ पुढेच जाताना दिसेल, पण आईच्या आणि देवळाच्या मधून पळताना ते मागे गेल्यासारखं वाटेल. आणि तेव्हाच ते सर्वांत जवळही असेल. म्हणजे उलटी चाल आणि तेज, दोन्हींचा हिशेब एका फटक्यात लागला! इसवी सन १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने हे 'अल्माजेस्ट'च्या १३ खंडांत मांडलं. त्यातही मंगळ अडेलतट्टूपणा करतच होता. मग त्याने पृथ्वी केंद्रापासून जरा सरकवली आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक बिंदू कल्पिला. मंगळाच्या छोट्या वर्तुळाचं केंद्र त्या बिंदूवरून पाहिलं तर एकसारख्या वेगाने फिरताना दिसतं. काही म्हण, हे अडाण्याचं काम नाही. सूर्य मध्ये आहे असं सामोसचा अरिस्टार्कस त्याच्या चारशे वर्षं आधी म्हणून गेला होता. पण मग पृथ्वी फिरताना तारे थोडे हलताना दिसायला हवेत, आणि त्याचा तेव्हा कुणाकडे डोळ्यांना दिसेल असा पुरावा नव्हता. तो मिळायला १८३८ उजाडलं.

आता तुझ्या प्रश्नातला मला खटकलेला भाग. ज्या टॉलेमीला तू माफ करतेस त्यानेच 'टेट्राबिब्लोस' नावाचा फलज्योतिषाचा ग्रंथही लिहिला. मंगळ कोरडा, जाळणारा, अपाय करणारा, हे त्यातही आहे. आणि आपल्या पत्रिकेतल्या राशी, लग्नरास, बारा घरं ही पद्धत यवनांकडूनच, म्हणजे ग्रीकांकडूनच, इकडे आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने मोकळेपणाने लिहून ठेवलंय की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य. आपल्या पंचांगाच्या गणितातही ग्रहाला दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, असतात, मंद आणि शीघ्र. तीही वर्तुळांचीच करामत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहून ते गणित इतकं सोपं केलं की पुढे कित्येक पिढ्या आपल्याकडची पंचांगं त्यावर चालली. अण्णांकडे त्याची एक जुनी, दोऱ्याने शिवलेली प्रत होती. शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी आळीतल्या लोकांना पत्रिकेचं गणित फुकट करून द्यायचे. फलित मात्र लिहायचे नाहीत. "ते माझं खातं नाही," म्हणायचे.

हे मी अभिमानाने सांगतेय हे मला कळतंय. थोडा राहू दे.

कारण त्याच वर्षी, आम्ही वर टिंबं देत होतो तेव्हा खाली ताईआत्याचं स्थळ मोडलं. कोल्हापूरची माणसं होती, मुलगा तिला आवडला होता. पत्रिका परत आली. सातव्या घरात मंगळ. आणि ती पत्रिका अण्णांनीच मांडलेली होती, गणित अगदी बिनचूक. त्यांना हेही माहीत होतं की बारांतल्या पाच घरांत, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की दोष धरतात. हिशेब कर, शंभरातली चाळीसएक माणसं मंगळाची निघतील! हा हिशेब त्यांनी मला गच्चीवर हसत हसत करून दाखवला होता. खाली माजघरात त्या माणसांसमोर एकदाही नाही. मी जिन्यात उभी होते. माझे आजोबा बोलत होते, माई चहा देत होती, ताईआत्या न्हाणीघरात नळ सोडून बसली होती, आणि अण्णा चष्मा पुसत होते.

ताईआत्याने पुढे लग्न केलं नाही. बँकेत लागली, पन्नाशीत गाडी शिकली, ते सगळं तुला माहीत आहे. ती दुःखी आहे असं मला म्हणायचं नाही, तिला ते आवडणारही नाही. पण मी केपलर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाबद्दल वाचते तेव्हा मला अण्णांचा थोडा राग येतो. त्याच्या हिशेबात आणि टायको ब्राहे या निरीक्षकाच्या नोंदींत मंगळाचा फक्त ८ कलांचा फरक पडत होता, पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम पाव रुंदीएवढा. तेवढ्यासाठी त्याने दोन हजार वर्षांची वर्तुळं मोडली आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं. अण्णांना हे तोंडपाठ होतं. आम्हाला त्यांनीच सांगितलं.

तर आपण असं का करतो? मला वाटतं, गणित करायला एक प्रकारचं धाडस लागतं आणि घरातल्या मोठ्यांसमोर बोलायला दुसऱ्याच प्रकारचं. माईचं म्हणशील तर तिने ताईआत्याचे ते दिवस पाहिलेत, म्हणून ती पत्रिका आधीच बघून घेते. आपल्या घरातून कुणाला नकार जाऊ नये, असं तिला वाटतं. आणि त्या भीतीपायी ती स्वतःच नकार देऊन बसते. हे तिला तू सांगू शकतेस, तुझं ती ऐकते. फक्त मराठीत सांग, आणि टॉलेमीपासून सुरुवात करू नकोस.

आणखी एक. तुझीही पत्रिका आहे. तू झालीस तेव्हा अण्णांनी मिरजेहून पाठवली, आपल्या इथल्या वेळेचा फरक धरून. गणिताला दोन पानं आहेत, फलिताचं पान कोरं. तुला हवी तर देईन, नको तर माझ्या कपाटात राहील. मंगळ कितव्या घरात आहे ते तू विचारलंस तरच सांगेन.

तुझी,
आई