आवाज मागून, ताकद पुढून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 2021 ची बीएमडब्ल्यू झेड4 एम40आय आहे. मागचा सायलेन्सर बदलला. आवाज सुंदर झाला, पण गाडीच्या पळण्यात काहीच फरक नाही. डाउनपाइपही (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप) बदलावा का? (पुणे)

उत्तर : फरक पडणार नव्हताच. या गाडीच्या बी58 इंजिनात (2,998 सीसी, एका ओळीत सहा सिलिंडर) एकच ट्विन-स्क्रोल टर्बो आहे, म्हणजे एक्झॉस्टचा वायू दोन वेगळ्या वाटांनी घेऊन त्यावर फिरणारा आणि इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप. त्यातली टर्बाइन (वायूने फिरणारं चाक) फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडची सर्वांत मोठी अडचण टर्बोला लागूनच असलेल्या डाउनपाइपमध्ये असते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, विषारी वायू कमी करणारा भाग) तिथेच बसवलेला असतो. मागच्या सायलेन्सरपर्यंत पोहोचेस्तोवर वायू निवलेला, आकसलेला असतो. तिथे मोठा पाइप लावून आवाज मिळतो, ताकद नाही.

तरीही रस्त्यावरच्या गाडीला आमचा सल्ला मूळ डाउनपाइप ठेवूनच स्टेज 1 ट्यून करण्याचा, म्हणजे फक्त ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) सॉफ्टवेअर बदलण्याचा आहे. कॅट काढलेला पाइप तर नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला डाउनपाइप बसवताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर 22 मिमीच्या खाच असलेल्या सॉकेटने काढा. आधी गंज सोडवणारं तेल मारून थांबा आणि वायरला पीळ पडू देऊ नका. टर्बोकडचं गॅस्केट नवीनच वापरा. आधी सगळे जोड हातानेच सैल बसवून पाइप सरळ रेषेत आणायचा, मग टर्बोकडून मागे कसत यायचं. उलट्या क्रमाने कसलं तर पाइपवर ताण राहतो आणि टर्बोजवळचा जोड गळतो. पहिल्या सेन्सरच्या आधी गळती असेल, तर आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि टेलपाइपला काजळी धरते. म्हणून शेवटी धूर सोडून गळती तपासाच.

तुमच्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट. साधारण जून 2020 नंतर बनलेल्या या इंजिनांचा ईसीयू कुलूपबंद असतो. ओबीडी पोर्टमधून (गाडी तपासायच्या सॉकेटमधून) थेट ट्यून जात नाही, आधी तो अनलॉक करावा लागतो. हा खर्च ट्यूनरकडून आधीच विचारून घ्या.

प्रश्न : याच गाडीत 100 ऑक्टेन पेट्रोलचा मॅप (ईसीयूतली ट्यूनची मांडणी) टाकला आहे. गोव्याला जाताना 95 च मिळालं तर? आणि उन्हाळ्यात ताकद कमी का वाटते? (मुंबई)

उत्तर : नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) ओळखणारे नॉक सेन्सर आहेत, म्हणून इंजिन लगेच फुटणार नाही. पण सेन्सरला नॉकिंग झाल्यावरच कळतं आणि मग ईसीयू टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे ओढतो. ती शेवटची ढाल आहे, तिच्या भरवशावर प्रवास आखू नये. ट्यूनरकडून 95 चा वेगळा मॅप घ्याच. तो नसेल तर टाकी पुन्हा 100 ने भरेपर्यंत ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबू नका. सातव्या-आठव्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमला पूर्ण दाबणं तर कुठल्याच मॅपवर नको. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनात तिथे ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो.

उन्हाळ्याचं कारण इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग. तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे आणि हवेला पाण्याने गार करतो. लागोपाठ दोन-तीनदा जोर लावला की ते पाणीच तापतं, आत जाणारी हवा गरम होते आणि ईसीयू टायमिंग कमी करतो. पुढच्या रेडिएटरच्या जाळीतली धूळ-माती काढा, कूलंटची पातळी बघा.

मग डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), चौथ्या गिअरमध्ये 2,500 ते 6,500 आरपीएमपर्यंत लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घ्या. त्यात सहाही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, इनटेक तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) पेट्रोलचा दाब आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) हवा. सगळ्या सिलिंडरचं टायमिंग एकत्र मागे येत असेल तर कारण पेट्रोल किंवा उष्णता. एकाच सिलिंडरचं वारंवार तीन अंशांहून अधिक मागे येत असेल तर त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा. नुसता हॉर्सपॉवरचा कागद हातात देणाऱ्या ट्यूनरकडे हा लॉग हक्काने मागा.

प्रश्न : ट्यूननंतर पूर्ण जोरात गाडी अडखळते. (ठाणे)

उत्तर : आधी प्लग. बूस्ट वाढला की दाट मिश्रणातून ठिणगी उडी मारू शकत नाही. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्या, फट 0.55 ते 0.6 मिमी ठेवा. फट मोजताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊ नका, बारीक टोक तुटतं. अडखळणं त्याच सिलिंडरवर राहिलं तर त्याची कॉइल शेजारच्याशी बदलून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच खराब.