घर पावसला, नोकरी रत्नागिरीत

पत्र: ताई, मी परिचारिका असून जूनपासून रत्नागिरीतील एका रुग्णालयात रुजू होणार आहे. यजमान घरूनच संगणकावर काम करतात, मुलगी चौथीत आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. नाचणे भागात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट साडेदहा हजारांना मिळतो आहे, पण लिफ्ट नाही. दुसरीकडे पावसजवळ, शहरापासून 18 किलोमीटरवर, जांभ्याचे कौलारू घर पाच हजारांत मिळते आहे. पुढे खळे, मागे विहीर, भोवती माडपोफळी. मालक मुंबईला असतात. गणपतीत आणि शिमग्याला घर त्यांना लागेल, एवढीच त्यांची अट आहे. यजमान आणि सासूबाईंना ते घर फारच आवडले आहे. मी नको म्हटले, तर घरात मीच वाईट ठरेन. काय करावे? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: यंदा पावसचे घर घेऊ नका, आणि नाचण्याचा तो तिसरा मजलाही घेऊ नका. शहरातच, पण तळमजल्यावरची जागा शोधा. एखादा महिना जास्त लागला तरी चालेल.

तुमच्या घरातील मोठ्या माणसांपैकी रोज बाहेर पडणार आहात त्या तुम्ही एकट्या. घराचे सुख यजमान आणि सासूबाई दिवसभर घेतील, अंतर मात्र तुमच्याच वाट्याला येईल, आणि म्हणून या निर्णयात तुमच्या मताला अधिक वजन असले पाहिजे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. दुपारची पाळी संपवून, रुग्णांची माहिती पुढच्या पाळीच्या ताब्यात देऊन तुम्ही रुग्णालयाबाहेर पडाल, तेव्हा रात्र झालेली असेल आणि त्या वेळी एसटी मिळेलच असे धरून चालता येणार नाही. मग उरते स्कूटर. वाटेत भाट्याच्या खाडीवरचा पूल लागला की समुद्राकडचा वारा आडवा येतो, आणि झड लागलेली असली की समोरच्या गाडीच्या दिव्यापलीकडे काही दिसत नाही. असे एखाद्या रात्री जमते. पाळ्या लावणाऱ्या नोकरीत ते महिनोन्‌महिने जमवावे लागते.

पैशांचाही हिशेब मांडून पाहा. दोन्ही भाड्यांत साडेपाच हजारांचा फरक आहे. रोजचे 36 किलोमीटर धरले, तर 26 दिवसांत साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे वीस-एकवीस लिटर पेट्रोल. त्यातच दोन हजारांहून अधिक जातात. मुलीला शहरातल्या शाळेत घालणार असाल, तर तिच्या गाडीचे पैसे वेगळे. उरेल ती बचत फार मोठी नाही.

आता घराविषयी. तुम्ही ते बहुधा कोरड्या दिवसांत पाहिले असेल. कौलारू घराला दर वर्षी मेमध्ये कौले चाळून घ्यावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, आणि माकडांची टोळी छपरावरून एकदा गेली की ते काम पुन्हा निघते. हा खर्च कोणी करायचा, याविषयी मालकांनी काही सांगितल्याचे तुमच्या पत्रात नाही. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी आहे का, हेही पाहा. पावसात त्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या उतरणे धोक्याचे असते. संडास घरात आहे की मागील दारी, हा प्रश्न सासूबाईंच्या दृष्टीने खळ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. रात्री अंगणात विजेरीशिवाय पाऊल टाकता येणार नाही, कारण या भागात फुरशी, म्हणजे लहान पण विषारी साप, आहेत. तो दंश काय करतो हे परिचारिकेला मी सांगायला नको. यजमानांच्या कामाला वीज आणि इंटरनेट दोन्ही लागणार, आणि झाडांमधून गेलेल्या तारा पावसाळ्यात वरचेवर तुटतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कोकणातील कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती.

परंतु मला सर्वांत अधिक खटकते ती मालकांची "एवढीच" अट. चाकरमान्याचे मूळ घर म्हणजे त्याच्या गणपतीची जागा. त्या दिवसांत मालक एकटे येणार नाहीत, त्यांचे भाऊ, वहिन्या, पुतणे, असे सगळे घर भरेल, आणि ते त्यांनी करूही नये असे कोणी म्हणू शकत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी येते, तेव्हाही घरची माणसे घरात असायलाच हवीत. त्या दिवसांत तुम्ही कुठे राहणार? त्याच सुमारास रुग्णालयात रजा मिळणे कठीण असते, म्हणजे सासूबाईंना घेऊन गावी जाण्याचाही मार्ग नाही. शिवाय तुमच्या घरचा गणपती आणि गौरी कुठे बसवायच्या, हा विचार कोणी केलेला दिसत नाही. अशी घरे पुष्कळदा सामायिक असतात. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहिल्याशिवाय एका भावाच्या शब्दावर अनामत रक्कम देऊ नका.

शहरातील जागा पाहताना पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपून पाहा. रंगाला पोपडे आले असतील, तर पावसाळ्यात तिथे बुरशी येणार. पाण्याबद्दल शेजाऱ्यांना विचारा, कारण उन्हाळ्यात शहरातही पाण्याची ओढ असते. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, तेव्हा नोंदणीला टाळाटाळ करणाऱ्या मालकाची जागा सोडून द्या.

वाईट ठरण्याची भीती मला समजते. पण "मला ते घर नको" असे म्हणण्याऐवजी यजमानांना आताच एखाद्या रात्री, पाळी सुटण्याच्या वेळी, स्कूटरने पावसपर्यंत जाऊन यायला सांगा आणि त्यावर जूनचा पाऊस धरून पाहायला सांगा. सासूबाईंचे म्हणणे मात्र मनापासून ऐका. वाडीत पडवीवर बसायला, बोलायला माणसे मिळतात आणि फ्लॅटमध्ये त्या दिवसभर कोंडल्यासारख्या होतील, ही त्यांची धास्ती खरी आहे. तळमजला, पुढे बसण्यापुरती जागा आणि जवळ एखादे देऊळ, एवढे मिळाले तर त्यांचे बरेच समाधान होईल.

एक पावसाळा शहरात काढल्यावर पाळ्यांचे वेळापत्रक तुमच्या हाती असेल, आणि तेव्हाही ओढ कायम असेल, तर दिवाळीनंतर पुन्हा घरे पाहा. शक्यतो भाट्याच्या पुलाच्या जवळची पाहा, आणि विहीर मे महिन्यात किती खाली जाते ते शेजारच्या घरात विचारा. पावसच्या मालकांना मात्र आताच नकार कळवा, म्हणजे त्यांनाही जूनच्या आत दुसरा भाडेकरू पाहता येईल.