पाट्या टाकतोय, हे ठरवायचं कुणी?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: आवडत्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर साठाव्या मिनिटानंतर फेरफटका मारायला आल्यासारखा चालत होता, संघ हरला, तुम्ही म्हणालात 'हा नुसत्या पाट्या टाकतोय', आणि मित्रांनी उलट तुम्हालाच झापलं. एवढे पैसे घेणाऱ्याला जाब विचारायचा नाही का?

विचारा की. पण जाब कशाचा विचारताय ते आधी बघा. 'बॉल गेल्यावर मागे का आला नाहीस?' हा प्रश्न आहे. 'तुला खेळायचंच नव्हतं' हा आरोप आहे. प्रश्नाला तो उत्तर देऊ शकतो. आरोपाला काय देणार? छाती फाडून दाखवणार?

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. कॉलेजात असताना मी आठशे मीटर धावायचो. एका मोसमात शेवटच्या दीडशे मीटरला पाय शिशाचे व्हायचे. समोरच्याची पाठ दिसत असायची, डोकं 'उचल, उचल' म्हणायचं, आणि पाय जणू दुसऱ्याचेच. प्रशिक्षक कुंपणाला रेलून ओरडायचे, "जिगरच नाही रे तुझ्यात!" मी ते खरं मानलं. सराव वाढवला आणि आणखी मागे पडलो. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 8.9. तीन-चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि जिगर आपोआप परत आली.

आता याची दुसरी बाजू, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. पुढच्याच वर्षी एका शर्यतीत मी खरोखर हातचं राखून धावलो. पुढचा मुलगा आवाक्यात होता, पण शेवटच्या वळणावर पुढे काय यातना होणार आहेत ते आठवलं आणि मी त्याला जाऊ दिलं. रेषा ओलांडून मात्र गुडघ्यांवर कोसळलो. थोडं खरं, बरंचसं नाटक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच प्रशिक्षकांनी पाठ थोपटली, "आज जीव ओतलास!"

तेव्हापासून प्रेक्षकाला दिसणाऱ्या मेहनतीवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. आपल्याला दिसते ती देहबोली. दातओठ खाणारा, हातून गेलेल्या बॉलमागेही झेपावणारा तो मेहनती, आणि ज्याच्या हालचालीत ओढाताण दिसत नाही तो आळशी. इंग्लंडच्या डेव्हिड गॉवरने 117 कसोटींत 8231 धावा केल्या, तरी 'बेफिकीर' हा शिक्का त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला. ऑफ स्टंपबाहेरचा तोच ड्राइव्ह सीमेपार गेला की नजाकत, स्लिपमध्ये गेला की ढिलाई. मेस्सी तर सामन्यातला कितीतरी वेळ चालतच असतो. तो चालताना मान फिरवून बचावपटू कुठे सरकतायत ते बघत असतो, ही गोष्ट लोकांच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. त्याच्या जागी कमी गोल करणारा कुणी असता तर आळशीच ठरला असता म्हणा.

मग शंका कधी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण कृतीच बोलते तिथे.

2012 चं लंडन ऑलिम्पिक, बॅडमिंटन, महिला दुहेरी. चीनची वांग शिआओली आणि यू यांग ही अव्वल मानांकित जोडी कोरियन जोडीविरुद्ध गटातला शेवटचा सामना खेळत होती. दोन्ही जोड्या आधीच पुढच्या फेरीत पोचलेल्या. हरलं तर पुढचा ड्रॉ सोयीचा पडणार होता. ऑलिम्पिक पदकासाठी आलेल्या खेळाडू सर्व्हिस नेटमध्ये घालायला लागल्या, साधे फटके बाहेर मारायला लागल्या. पहिल्या गेममधली सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची होती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, रेफरी कोर्टवर येऊन ताकीद देऊन गेले. तोच प्रकार दुसऱ्या एका सामन्यातही झाला. दुसऱ्या दिवशी चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेबाहेर. इथे कुणाच्या मनात डोकावायची गरजच नव्हती.

शिक्षा मला योग्यच वाटली. पण हरणं फायद्याचं ठरेल अशी गटपद्धत ज्यांनी आखली, ते त्या दिवशी नामानिराळे राहिले. पुढे महासंघाने नियम बदलला आणि गटात दुसऱ्या येणाऱ्या जोड्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायचं ठरलं. म्हणजे दोष पद्धतीतही होता, हे कबूल झालंच.

टेनिसमध्येही असंच. 2016 च्या शांघाय स्पर्धेत निक किरियॉसने सर्व्हिस नुसती ढकलली आणि समोरून बॉल परत यायच्या आतच तो आपल्या खुर्चीकडे चालायला लागला. सामना 48 मिनिटांत संपला. त्याला दंड झाला, बंदीही आली. बंदी मात्र आठ आठवड्यांची, आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली तर तीन आठवड्यांवर येईल अशी. हा तपशील मला फार बोलका वाटतो. दोषी ठरवणाऱ्यांनाही कुठेतरी वाटलं असणार की हा निव्वळ माज नाही.

अवघड असतात ती मधली प्रकरणं. 1975 चा विश्वचषक, लॉर्ड्स. इंग्लंडच्या 334 धावांसमोर सुनील गावस्करांनी 60 षटकं खेळून काढली आणि 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या. मुद्दाम केलं, एकदिवसीय खेळ कळलाच नव्हता, लय हरवली होती, जितकी तोंडं तितकी कारणं. ती आपली सर्वांत वाईट खेळी होती, असं त्यांनी स्वतः पुढे लिहिलं. बारा वर्षांनी, 1987 च्या विश्वचषकात, अंगात ताप असताना याच माणसाने न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. आता लॉर्ड्सच्या त्या 36 धावांबद्दल संघाने, व्यवस्थापकाने, प्रेक्षकाने जाब मागणं रास्तच. पण 'त्याने जाणूनबुजून संघाला बुडवलं' असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कुणी म्हणत असेल तर त्याला कसं कळलं, एवढंच विचारीन.

राहिला पैशाचा मुद्दा. करारात पैसे मिळतात ते तंदुरुस्त राहण्याचे, सरावाला हजर राहण्याचे, सांगितलेली भूमिका निभावण्याचे. तुम्हाला घाम दिसेल याची हमी त्यात नसते. तो सराव बुडवतोय, वजन वाढवून आलाय, असं समोर आलं तर बिनधास्त झोडा.

तुमच्या स्ट्रायकरबद्दल एक करून बघा. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे बॉल नसताना तो काय करतो हे तुम्हाला जवळजवळ दिसतच नाही. जमलं तर पुढचा सामना मैदानात जाऊन बघा आणि साठाव्या मिनिटानंतर दहा मिनिटं नजर फक्त त्याच्यावर ठेवा. चालताना मान वळतेय का? बॉल हरवल्यावर पहिली तीन-चार पावलं टाकतोय का? चार दिवसांपूर्वीचा सामना तो पूर्ण खेळला होता का, हेही जाताना बघून ठेवा. मान खाली, पावलं नाहीत आणि विश्रांतीही मिळालेली, असं तीन-चार सामने दिसलं तर मित्रांना सांगा, मी तुमच्या बाजूने आहे. आणि विश्रांतीच मिळाली नसेल, तर दमलेल्या माणसाला नव्वद मिनिटं मैदानात ठेवणारा प्रशिक्षक बाकावर बसलेला असतो, त्याचं नाव घ्या.